चकाकीवर उरणारा पांढरा थर

ओल्या फडक्याने फळा पुसला की क्षणभर तो अगदी काळाभोर दिसतो. आपण समाधानाने वर्गाकडे वळतो आणि हजेरी घ्यायला लागतो. हजेरी संपेपर्यंत फळा वाळतो आणि त्यावर पुन्हा पांढरट फराटे उमटतात. खडू गेलेला नसतोच. तो ओला होता म्हणून दिसत नव्हता, इतकेच. आपण सर्व शिक्षकांनी हे शेकडो वेळा पाहिले आहे. आम्हीही पाहिले होते, पण त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता. तो करायला लावला नालवाडीच्या एका गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या काळ्या मोटारीने.

नालवाडी हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. १९३०च्या दशकात विनोबा भावे काही वर्षे येथे राहिले. गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालयही येथेच होते. आता शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडले आहे आणि रस्त्याच्या कडेला गॅरेजेही आली आहेत. आमच्या एका सहकारी शिक्षकाने जुनी मोटार विकत घेतली होती. रंग काळा. वर्षानुवर्षे कोरड्या फडक्याने धूळ झटकल्यामुळे त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे पडले होते. ते घालवण्यासाठी मशीनने पॉलिश करायचे ठरले. मे महिन्याची सुटी होती. शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेर उन्हातच उभी केली गेली.

दुपारी आम्ही गेलो तेव्हा बॉनेटवर पांढऱ्या रंगाचे ढगासारखे डाग होते. बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर आणि काचेच्या रबरी पट्टीवर पांढरी भुकटी घट्ट बसली होती. काम करणारा मुलगा आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेला. तो घामाघूम होऊन फडके घासत होता. "सर, पुसून पुसून हात दुखले, पण जातच नाही ना बाप्पा! काल दोन गाड्या केल्या, असं नाही झालं. आजच काऊन झालं?" डाग निघेनात म्हणून त्याने मशीन पुन्हा फिरवले होते, तेही जोर देऊन. परिणाम असा झाला की बॉनेटच्या कडेला बोटभर लांबीची एक पट्टी निस्तेज पडली. तेथला वरचा थरच घासून गेला होता. मालक म्हणत होते, पोराने हयगय केली, त्याच्या मजुरीतून कापू.

हयगय झाली होती की आणखी काही? मुलाचा प्रश्न बरोबर होता. काल झाले नाही ते आज का झाले? त्याचे उत्तर शोधताना आम्हाला जे कळले ते येथे मांडत आहोत.

पॉलिशमध्ये असते काय?

मोटारीचे पॉलिश म्हणजे मूलतः अतिशय बारीक घासणारी भुकटी आणि ती वाहून नेणारे पातळ मलम. भुकटी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. आपल्याकडे धार लावायला वापरला जाणारा कुरुंदाचा दगड हाच पदार्थ. माणिक आणि नीलम ही रत्नेही याचीच रूपे. काठिण्याच्या मोह्ज मापावर हिऱ्याला १० आणि कुरुंदाला ९ असा क्रमांक आहे. खरखरीत रबिंग कंपाउंडमध्ये हे कण काही मायक्रॉनचे असतात, तर शेवटच्या पॉलिशमध्ये एका मायक्रॉनच्याही आत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मलमात पाणी, रॉकेलच्या जातीची पेट्रोलियम द्रावके, तेल, कधी मेण किंवा सिलिकोन, आणि हे सारे एकत्र धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ असतो. मलम घट्ट राहावे म्हणून कधी चिकणमातीही घालतात. प्रत्येकाचे काम वेगळे. भुकटी घासते. तेल घर्षण कमी करते आणि कणांना एकाच जागी रुतू देत नाही. पाणी आणि द्रावक सगळ्यांना पसरवतात आणि हळूहळू उडून जातात.

ही वाटणी लक्षात ठेवली पाहिजे. पाणी आणि द्रावक उडून गेल्यावर मागे काय राहते? तेल-मेणाच्या चिकट थरात रुतलेली कुरुंदाची भुकटी. त्यात रंगाचे घासून निघालेले कणही मिसळलेले असतात. म्हणजे मेणाच्या गोंदाने चिकटवलेली वाळूच म्हणा ना! आपला 'हट्टी डाग' तो हाच.

वहीच्या पानाहून पातळ

हा डाग बसतो कशावर? १९२३ साली अमेरिकेत 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग बाजारात आला. त्याआधी मोटारींना घोडागाडीसारखे व्हार्निश लावत आणि ते वाळायला दिवसचे दिवस जात. ड्यूको तासाभरात वाळे, पण तो चमकवण्यासाठी घासावा लागे. रबिंग कंपाउंडचा वापर त्यामुळे वाढला. फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला आपल्याकडे अजूनही ड्यूको म्हणतात. पुढे इनॅमल रंग आले. त्या काळी रंग आणि चमक एकाच थरात असे. आजच्या बहुतेक मोटारींवर मात्र एकावर एक थर असतात. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक संरक्षक थर. गॅरेजमध्ये याला 'क्लिअर' म्हणतात.

सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या वहीचे शंभर कागद दाबून धरा, जाडी पट्टीने मोजा आणि शंभराने भागा. एका कागदाची जाडी ७० ते १०० मायक्रॉन येईल. म्हणजे गाडीची सारी चकाकी वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या थरात आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही त्याच थरात असतात. प्रत्येक वेळी मशीनने घासले की त्यातला थोडा भाग कायमचा जातो. तो पुन्हा उगवत नाही.

कडेला धोका अधिक, आणि त्याची दोन कारणे आहेत. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरतो, म्हणून तेथे थर मुळातच पातळ बसतो. शिवाय सपाट जागी मशीनचा दाब पूर्ण पॅडभर वाटला जातो, तर कडेवर तो एका रेघेत एकवटतो. थर पातळ आणि दाब जास्त. बॉनेटच्या कडेची पट्टी गेली ती त्यामुळे.

आता वेगाचा हिशेब पाहू. पॅडचा व्यास १८ सेंटिमीटर आणि मशीनचे फेरे मिनिटाला १५०० धरले, तर पॅडचा परीघ सुमारे ५६.५ सेंटिमीटर. सेकंदाला २५ फेरे. म्हणजे पॅडची कड सेकंदाला सुमारे १४ मीटर, तासाला जवळजवळ ५० किलोमीटर या वेगाने रंगावरून धावते. तळहात एकमेकांवर घासले तरी ऊब येते. येथे किती येत असेल याची कल्पना करा. रंग आणि फोमचे पॅड दोन्ही उष्णतेचे वाईट वाहक आहेत. पॅड एका जागी रेंगाळले की उष्णता तेथेच साचते. पत्रा ती थोडीफार वाहून नेतो. प्लास्टिकच्या बंपरला मात्र तेही जमत नाही.

थर चिकटतो का?

आम्हाला तीन कारणे सापडली. जास्ती, गरमी आणि भरलेले पॅड.

पहिले कारण, पॉलिश जास्त घेणे. 'जास्त पॉलिश, जास्त चमक' हा समज सार्वत्रिक आहे. हिशेब करून पाहू. तुरीच्या दाण्याएवढे, म्हणजे ५ मिलिमीटर व्यासाचे चार थेंब घेतले. एका थेंबाचे घनफळ सुमारे ०.०६५ घन सेंटिमीटर, चारांचे ०.२६. हे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनावर पसरले तर थराची जाडी भरते साधारण १.३ मायक्रॉन. कण फिरते ठेवायला एवढा थर पुरतो. याच्या पाच-सहा पट पॉलिश घेतले तर पॅड कणांना रंगावर टेकूच देत नाही, ते तेलावर घसरत राहते. न वापरलेले पॉलिश कडेला ढकलले जाते आणि तेथे वाळते.

दुसरे कारण, गरमी. विदर्भात कूलर इतका छान गारवा का देतो? मे महिन्यात इथली हवा अतिशय कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते, म्हणून. कूलरला जे उपकारक तेच पॉलिशला मारक. त्यातून गाडी काळी. काळा रंग ऊन जास्तीत जास्त शोषतो आणि पातळ पत्रा लवकर तापतो. सावलीतले तापमान ४५ अंश असले तर उन्हातल्या काळ्या बॉनेटचे ७० अंशांच्या आसपास सहज जाते. पाणी आणि द्रावक पॉलिशचे काम होण्याआधीच उडून जातात. तेल-मेण मऊ होऊन रंगाच्या बारीक ओरखड्यांत शिरते आणि गार झाले की तेथेच घट्ट होते. रंगही थोडा मऊ पडलेला असतो. कालच्या दोन गाड्या शेडमध्ये होत्या आणि दोन्ही पांढऱ्या होत्या, हे विचारल्यावर कळले. मुलाच्या 'आजच काऊन' या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळाले.

तिसरे कारण, भरलेले पॅड. घासून निघालेला रंग आणि वापरलेले पॉलिश फोमच्या छिद्रांत भरत जाते. छिद्रे भरली की पॅड नवे पॉलिश धरू शकत नाही. ते जुनाच गाळ रंगावर परत लिंपते. त्या दिवशी सकाळपासून एकच पॅड चालू होते.

आणि डाग दिसल्यावर जोर वाढवला की काय होते? घर्षण वाढते, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने थर आणखी वाळतो, आणि वाळलेल्या थरातले कणांचे गोळे फडक्याखाली सँडपेपरसारखे घासतात. जितका जोर, तितका डाग हट्टी. हे चक्र ताकदीने तुटत नाही.

पांढरा का दिसतो?

कुरुंदाचा शुद्ध स्फटिक काचेसारखा पारदर्शक असतो. मग त्याची भुकटी पांढरी का? खडीसाखर जवळजवळ पारदर्शक, पण कुटली की पांढरीशुभ्र. काच, मीठ, बर्फ, साऱ्यांचे तेच. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना काही भाग परावर्तित होतो आणि उरलेला वाकतो. भुकटीत हवा आणि कण यांच्या हजारो सीमा असतात. प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परत फिरतो. सर्व रंगांचा प्रकाश असा विखुरला की डोळ्याला तो पांढरा दिसतो.

सीमेवर किती प्रकाश परत फिरेल हे दोन्ही पदार्थांच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर ठरते. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, गोडेतेलाचा सुमारे १.४७ आणि कुरुंदाचा सुमारे १.७६. कणांभोवती हवा असली तर फरक मोठा, म्हणून पांढरेपणा जास्त. हवेची जागा पाण्याने घेतली की फरक कमी होतो, तेलाने घेतली की आणखी कमी. भुकटी तेथेच असते, पण दिसेनाशी होते. ओला फळा काळा दिसतो त्याचे कारण हेच.

यात एक फसगतही दडलेली आहे. डागावर चकाकी आणणारे तेलकट द्रव्य फिरवले की गाडी तत्काळ काळीभोर दिसते. गिऱ्हाईक पैसे देऊन खूश होऊन जाते. दोन-तीन वेळा धुतल्यावर तेल निघून जाते आणि डाग पुन्हा हजर! बारीक ओरखड्यांचेही असेच. तेलाने भरले की ते दिसत नाहीत, पण गेलेले नसतात. म्हणून डाग गेला की नाही हे ओल्या पृष्ठभागावर ठरवू नये. तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग तिरप्या उजेडात पाहावा.

आधी ओळखा, मग पुसा

गाडीवरचा प्रत्येक पांढरा डाग पॉलिशचा नसतो. आम्ही तीन प्रकार वेगळे केले.

पॉलिशचा थर बोटाला किंचित चिकट किंवा मेणचट लागतो. त्यावर पाणी टाकले तर पसरत नाही, त्याचे मणी होतात.

पाण्याचे डाग गोल कड्यांसारखे असतात. आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. गाडी धुतल्यावर ते उन्हात वाळले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. स्टीलच्या हंड्यावर चढतो तोच हा थर. यावर द्रावक चालत नाही. पाणी घातलेल्या व्हिनेगरने तो विरघळतो, मग लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पॉलिश काढायला व्हिनेगर वापरणे आणि क्षार काढायला स्पिरिट वापरणे, दोन्ही व्यर्थच.

तिसरा प्रकार डागच नाही. खरखरीत कंपाउंडने पडलेल्या असंख्य सूक्ष्म ओरखड्यांमुळे सगळीकडे दुधट झाक दिसते. हे काहीही लावून 'निघत' नाही, कारण तेथे काढण्यासारखे काही नसते. ओरखडे आहेत ते अधिक बारीक पॉलिशने सपाट करावे लागतात.

डॉक्टर आधी निदान करतो आणि मग औषध देतो. गॅरेजमध्ये मात्र तिन्ही डागांवर एकच औषध चालते, ते म्हणजे जोर!

विरघळवायचे कोणाला?

आता मुख्य प्रश्न. कुरुंदाची भुकटी पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये नाही, रॉकेलमध्ये नाही. ती विरघळवण्याचा प्रयत्नच चुकीचा. विरघळते ते तिला धरून ठेवणारे तेल-मेण. गोंद सुटला की वाळू आपोआप मोकळी होते आणि मऊ फडक्याच्या तंतूंत अडकून निघून जाते.

'सारख्यात सारखे विरघळते' हा नियम आपण शिकवतो. तेल-मेणाला तेलाच्या जातीचे द्रावक हवे. ते कोठून आणायचे? गंमत अशी की ते पॉलिशच्या बाटलीतच असते. वाळलेल्या डागावर ताज्या पॉलिशचा एक लहान थेंब हलक्या हाताने फिरवायचा आणि वाळण्याआधी लगेच पुसायचा. ताज्या थेंबातले द्रावक जुन्या थराला पुन्हा मऊ करते. पांढऱ्या फळ्यावर मार्करची जुनी शाई वाळून बसली की आपण काय करतो? त्यावरच नव्या मार्करने गिरवतो आणि चटकन पुसतो. युक्ती तीच, कारणही तेच.

क्रम असा ठेवावा. गाडी सावलीत आणून गार होऊ द्यावी. पालथा हात पत्र्यावर पाच-दहा सेकंद सहज टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर थांबावे. प्रथम स्वच्छ मायक्रोफायबरचे फडके किंचित ओलसर करून हलके पुसून पाहावे. बराच थर एवढ्यानेच येतो. राहिला तर ताज्या पॉलिशची युक्ती करावी. शेवटी उरलेली तेलाची झाक काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग आणि पाण्याचे सहा-सात भाग असे मिश्रण फडक्यावर घेऊन पुसावे. अल्कोहोलचा रेणू एका टोकाने पाण्याशी आणि दुसऱ्या टोकाने तेलाशी जमवून घेतो, म्हणून पातळ तेल निघते. जाड मेणावर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. नुकत्याच मारलेल्या रंगावर ते वापरू नये. फडक्याची घडी वारंवार बदलावी. निघालेले कण त्याच घडीवर राहिले तर तेच पुढे ओरखडे पाडतात.

थिनर आणि पेट्रोल यांना हात लावू नये. त्यांनी डाग निघतो, पण रंगही फुगतो किंवा विरघळतो. जुन्या रंगावर आणि गॅरेजमध्ये नव्याने मारलेल्या भागावर तर हमखास. शिवाय आगीची भीती. कोरडे घासणेही टाळावे. कोरड्या हवेत घर्षणाने रंगावर स्थिर विद्युत निर्माण होते आणि केसावर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तशी ती बारीक भुकटी ओढून धरते.

वाळलेली भुकटी झटकताना ती हवेत उडते आणि नाका-तोंडात जाते. दिवसभर हे काम करणाऱ्याने नाका-तोंडावर मास्क बांधलाच पाहिजे. तो महाग नसतो. त्या दिवशी गॅरेजमध्ये तो कोणाच्याच तोंडावर नव्हता.

चामडे, रंग आणि प्लास्टिक

चर्मालयाचे गाव म्हणून एक तुलना सुचली. चपलेला किंवा बुटाला पॉलिश लावले की त्यातला मोठा भाग चामडे पिऊन टाकते. चामडे तंतूंचे, सच्छिद्र असते. तेल आत मुरते आणि चामडे मऊ राहते. म्हणून बुटाला थोडे जास्त पॉलिश लागले तरी बिघडत नाही. गाडीचा क्लिअर काहीच पीत नाही. जे लावाल ते सारे वरच राहणार आणि सारेच काढावे लागणार. बुटाची सवय गाडीला लावली की फसगत होते.

बंपरचे खडबडीत काळे प्लास्टिक आणि रबरी पट्टी यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर असंख्य बारीक खड्डे असतात. फडके वरच्या वर फिरते आणि खड्ड्यातली भुकटी तशीच राहते. कोरीव काम केलेल्या पितळी समईच्या नक्षीत घासणीची पूड अडकून पांढरी रेघ राहते, अगदी तसेच. येथे फडक्याऐवजी जुना मऊ दातब्रश हवा. प्लास्टिकवर ब्रशने थोडे गोडेतेल लावून मेण सैल करावे आणि मग साबणाच्या पाण्याने दोनदा ब्रशने धुवावे. साबणाची पायरी गाळून चालणार नाही. नुसत्या तेलाने भुकटी अदृश्य होईल, जाणार नाही. रबराला तेल लावू नये, ते तेलाने फुगते. तेथे साबणपाणी आणि ब्रश एवढेच पुरे. सर्वांत चांगला उपाय आधीचाच. पॉलिश सुरू करण्यापूर्वी प्लास्टिक आणि रबर यांवर मास्किंग टेप लावावी. चार मिनिटांच्या टेपने तासाभराचे घासणे वाचते.

वर्गात करून पाहा

यासाठी मोटार लागत नाही. काळी गुळगुळीत फरशी किंवा काळ्या कागदावर ठेवलेली काच घ्या. बिनरंगाचे बूट पॉलिश आणि खडूची बारीक पूड समप्रमाणात कालवा. फरशीवर तीन चौकोन आखा. पहिल्यात हे मिश्रण अगदी पातळ लावून दोन मिनिटांनी पुसा. दुसऱ्यात जाड लावून दोन मिनिटांनीच पुसा. तिसऱ्यात पातळ लावून फरशी अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग सावलीत गार करा.

तिसऱ्या चौकोनाचे चार भाग करून एकावर कोरडे फडके, दुसऱ्यावर पाणी, तिसऱ्यावर दवाखान्यातले स्पिरिट आणि चौथ्यावर थोडेसे ताजे बूट पॉलिश वापरा. प्रत्येक ठिकाणी फडक्याचे फेरे सारखेच ठेवा, नाही तर तुलना होणार नाही. ओले असताना कसे दिसते आणि पाच मिनिटांनी वाळल्यावर कसे दिसते, दोन्ही नोंदवा. स्पिरिट आणि पॉलिश दोन्ही पेटणारे आहेत, तेव्हा जवळ ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

नोंदी वाचताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारा. कोणत्या भागात डाग गेला, आणि कोणत्या भागात तो गेला असे फक्त वाटले?

आम्ही हा प्रयोग गॅरेजच्या ओट्यावरच केला. मुलगा, मालक आणि आमचे सहकारी तिघेही पाहत होते. तिसऱ्या चौकोनाचा चौथा भाग एका हलक्या फेऱ्यात स्वच्छ झाला, तेव्हा मालक काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेडमधली जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनीच गाडी आत घेतली आणि नवे पॅड काढून दिले. बॉनेटवरचे डाग अर्ध्या तासात निघाले. मशीन लावावे लागले नाही. मजुरी कापली गेली नाही. कडेची ती बोटभर पट्टी मात्र तशीच आहे. तेथला थर परत आणणारे पॉलिश नाही, तेथे रंगच मारावा लागेल.

मुलाने जाताना विचारले, "सर, हे सारख्यात सारखे विरघळते, तुम्ही नववीत शिकवलं होतं न?" शिकवले होते. साखर पाण्यात आणि मेण रॉकेलमध्ये, अशी दोन उदाहरणे फळ्यावर लिहून दिली होती. त्याने ती वहीत उतरवूनही घेतली होती. पण हातात फडके आले तेव्हा ते वाक्य त्याच्या उपयोगी पडले नाही. आम्ही ते कधी फडक्यापर्यंत नेलेच नव्हते. यंदा तो पाठ आम्ही ओल्या फळ्यापासून सुरू करणार आहोत.